यादीत पहिलं नाव

वऱ्हाडात नोकरीचा फॉर्म भरायला कारण लागत नाही. जागा निघाली की भरायचा. तलाठ्याची असो, वनरक्षकाची असो नाहीतर कोर्टातल्या शिपायाची, "भरून ठेव ना, लागलं तं लागलं" एवढं म्हटलं की विषय संपला. अमरावतीच्या राजापेठेत ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या ओमप्रकाशला तर गल्लीतल्या निम्म्या पोरापोरींच्या जन्मतारखा तोंडपाठ झाल्या होत्या.

ज्योत्स्ना तायडेने प्रयोगशाळा परिचराचा फॉर्म भरला तोही असाच, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठी भरलाच नव्हता. शेजारच्या प्रतीक्षाला अकोल्याच्या सरकारी कॉलेजातली ती जागा दिसली. परीक्षा अकोल्यात. प्रतीक्षाची आई पोरीला एकटीला धाडायला तयार नव्हती. मग प्रतीक्षानेच तोडगा काढला, "ताई, तुम्ही बी भरा ना. सेंटर एकच येते. मंग आई काही म्हणत नाही." ज्योत्स्नाने हसत भरला. वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट, नेट पास, कॉलेजात शिकवायचा आठ-नऊ वर्षांचा अनुभव, आणि दहावी पासवर भरायच्या जागेसाठी फॉर्म! गंमत म्हणून दोघी जणी गेल्या, पेपर दिला, येताना मूर्तिजापूरला उसाचा रस प्यायल्या आणि विसरून गेल्या.

निकालात प्रतीक्षाचं नाव कुठेच नव्हतं. ज्योत्स्नाचं पहिलं होतं. खुल्या प्रवर्गातली एकच जागा, आणि त्या जागेसमोर हिचं नाव. डॉक्टरेट झालेल्या बाईने दहावीच्या पातळीचा पेपर सोडवून पहिलं यावं यात कौतुक ते काय? तरी प्रतीक्षा दोन दिवस तिच्याशी नीट बोलली नाही. कागदपत्रं तपासून झाली, मेडिकल झालं, नेमणुकीचा आदेश आला, आणि आता सोमवारपर्यंत रुजू व्हायचं की नाही एवढंच उरलं होतं. काम काय, तर काचेची भांडी धुणं, टेबलं पुसणं, सूक्ष्मदर्शक काढून ठेवणं, सर-मॅडम लोकांना पाणी देणं, घंटा देणं. काम साधं होतं. पण ते करायला जायचं म्हणजे ज्या टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून इतकी वर्षं शिकवलं, त्या टेबलाच्या ह्या बाजूला येऊन फडकं मारायचं.

अमरावतीत तिची जी नोकरी होती, तिला नोकरी म्हणायचं की नाही याबद्दल तिचं तिलाच कळत नसे. तासिका तत्त्वावर शिकवायचं. जितके तास घेतले तितक्यांचं मानधन, तेही सरकारच्या मनाला येईल तेव्हा. मार्चमध्ये कॉलेज तिला कार्यमुक्त करी आणि जुलैमध्ये त्याच कामासाठी पुन्हा मुलाखतीला बोलवी. समोर तेच विभागप्रमुख, सूर्यभान सर. वर्षभर ज्यांच्या शेजारच्या खोलीत तिने शिकवलं, ज्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं, ते सर फाइल उघडून गंभीरपणे विचारत, "नाव? शिक्षण? अनुभव?" आणि ही त्यांच्याच हाताखालचा अनुभव त्यांनाच मोजून सांगे. पहिल्या वर्षी तिला हसू आलं होतं. तिसऱ्या वर्षी राग आला. आता काहीच येत नसे, फक्त जून लागला की पाठ दुखायला लागे.

पक्क्या जागा निघत, नाही असं नाही. पण निघाल्या की कुणीतरी आधीच ठरलेला असे. कधी संस्थाचालकांचा भाचा, कधी कुणाचा जावई. एकदा तर तिच्या हाताखालीच एम.एस्सी. झालेला विपुल नावाचा मुलगा तिच्या आधी लागला. पेढे घेऊन घरी आला, पाया पडला, "मॅडम, तुमच्यामुळेच" म्हणाला. तिने पेढा खाल्ला. दुसरं काय करणार?

आदेश आल्याचं तिने सूर्यभान सरांना सांगितलं तेव्हा सर खुर्चीतून उठायचेच बाकी राहिले.

"काय बोलून राहिल्या, मॅडम? खारपाणपट्ट्यातल्या वनस्पतींवर तुमचं काम आहे. बाहेरच्या विद्यापीठातले लोक मागून घेतात तुमचा प्रबंध. आणि तुम्ही बाटल्या धुवाले जाता? एकदा तिकडे गेल्या की परत इकडे कोणी उभं करणार नाही, लिहून ठेवा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "यंदा भरती होऊन राहिली. नक्की. मी तुम्हाले सांगतो."

यंदाची भरती ती सात वर्षांपासून ऐकत होती. तरी प्रत्येक वेळी ती फाइलमधली प्रमाणपत्रं पुन्हा लावून ठेवायची. आशा ही चिवट बाई असते, दारातून हाकलली तर खिडकीतून येते.

"आणि तुम्हाला काय हो," सर निघता निघता म्हणाले, "एवढं शिकलेल्या माणसाला कुठेही मिळतं."

हेच वाक्य तिला सगळे ऐकवत. आत्या ऐकवे, विहारातल्या बाया ऐकवत, किराणेवाला ऐकवे. तुला काय, तू शिकेल आहेस. जणू शिक्षण म्हणजे घरामागे असलेली विहीर, बादली सोडली की पाणी वर. नऊ वर्षं बादली सोडून तिचे हात सोलवटले होते, पण हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर लोक म्हणणार, मग शिकून उपयोग काय झाला?

बुधाजी, तिचे वडील, जन्मभर कापसाच्या जिनात हमाली करून थकलेले. आई गेल्यापासून घरात हे दोघंच. "प्रा. डॉ. ज्योत्स्ना बुधाजी तायडे" ही पितळी पाटी त्यांनीच करून आणली होती आणि दर रविवारी चिंचेने घासत. गुरुवारी जेवताना तिने त्यांना सरळच विचारलं, "बाबा, जाऊ का अकोल्याले?"

बुधाजींनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"मले नको इचारू, बाई," ते म्हणाले. "मी जा म्हणलं तं उद्या तुह्या मनात येईन, बापानं हमाली केली अन् मलेबी तिथंच लोटलं. नको जाऊ म्हणलं तं येईन, बापानं हातची सरकारी नोकरी घालवली. मले दोन्ही सहन नाई होत."

"मग मी कोणाले विचारू?"

"तुले काय सांगावं? तू शिकेल हायेस," म्हणून त्यांनी तो तुकडा तोंडात घातला.

ज्योत्स्नाला रडूही आलं नाही, रागही आला नाही. ताटं उचलून तिने घासली. घासता घासता ठरवलं की उद्या नुसतं जाऊन बघून यावं. कॉलेज कसं आहे, लॅब कशी आहे, आपल्याला तिथे उभं राहवतं का. रुजू व्हायचं नव्हतंच. तरी आदेश आणि कागदपत्रं तिने पर्समध्ये टाकली, कारण सरकारी फाटकातून आत जायला काय दाखवावं लागेल सांगता येत नाही.

शुक्रवारची सकाळची एस.टी. बडनेरा सोडेपर्यंत बरी होती, पुढे खिडकीतून झळा यायला लागल्या. मेचा महिना. अकोल्याचं ऊन म्हणजे काय हे अकोल्याबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. स्टँडवर उतरून तिने ओढणी डोक्याभोवती गुंडाळली आणि ऑटो केला. सुट्ट्यांमुळे कॉलेज ओसाड होतं. फाटकावर कुणी काही विचारलंच नाही. कार्यालयात एक बाबू टेबलावर ओला रुमाल पसरून बसला होता. वनस्पतिशास्त्राची लॅब पहिल्या माळ्यावर, एवढं तिने त्याला विचारून घेतलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

लॅबमध्ये एक बाई सिंकपाशी उभी राहून परीक्षानळ्या धुवत होती. तिच्याच वयाची, ओढणी कमरेला खोचलेली, बाह्या वर सारलेल्या. चाहूल लागताच तिने वळून पाहिलं आणि नळ बंद केला.

"या ना मॅडम, या. एक्झाम तं झाली सगळी. तुमी नव्या मॅडम काय? बसा, मी कूलर लावते." खुर्ची पुसून तिने पुढे केली, कूलरचं बटण दाबलं, माठातलं पाणी आणून दिलं. हे सगळं इतक्या पटकन झालं की ज्योत्स्नाला नाही म्हणायला जागाच सापडली नाही. चेहरा, पर्स, चष्मा पाहून बाईने तिला मॅडम ठरवून टाकलं होतं, आणि ज्योत्स्ना मॅडम म्हणूनच खुर्चीवर बसली. नऊ वर्षांत स्वतःच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तिला हक्काची खुर्ची मिळाली नव्हती, ती इथे मिळाली.

"तुम्ही इथे नेहमीच्या?" तिने विचारलं.

"नेहमीची म्हणजे कंत्राटावर. सहा-सात वर्षं झाली." बाईने नळ सोडून पुन्हा नळ्या हातात घेतल्या. तिचं नाव नगमा. राहायला मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. नवरा नईम कूलर दुरुस्तीचं काम करतो, चार महिने मरणाचा धंदा आणि आठ महिने बसून. "हा कूलर बी त्यानंच बसवला, मॅडम. पैसे आणखी भेटाचेच हायेत." ती हसली. दिवसभर बोलायला कुणी नसलेल्या माणसाला बोलायला कुणी सापडावं तशी ती बोलत होती.

"पक्की जागा नाही निघाली इथे?"

"निघाली ना! परीक्षा बी दिली. माह्या दोन नंबर आला." नगमाने नळी उजेडात धरून पाहिली. "एक नंबरवर कोणी डाक्टर बाई हाये अमरावतीची. पीएच.डी.वाली. सारे म्हणतेत, ती काय येते? एवढी शिकेल बाई हितं बाटल्या धुवाले येईन का? सोमवारपर्यंत नाई आली तं मले बोलावतीन. पुढच्या भरतीले तं वय निघून जाईन माह्यं. नईम म्हणते, जागा भेटली की दर्ग्यावर चादर चढवू."

कूलरची हवा ज्योत्स्नाच्या अंगावर येत होती आणि तिला घाम फुटला होता. हातातला पेला तिने टेबलावर ठेवला. आता काय बोलावं? मी ती बाई, असं सांगावं की तसंच उठून निघावं? पण तिला स्वतःचं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिला सुटल्यासारखं वाटत होतं. म्हणजे नाही म्हणायला कारण मिळालं तर! चांगलं कारण, दहा जणांत सांगता येईल असं. सूर्यभान सरांना सांगता आलं असतं, बाबांना सांगता आलं असतं. एका गरीब बाईसाठी सोडून दिली. पाटी दारावर तशीच राहिली असती. आपण किती मोठ्या मनाच्या, असं तिला वाटून गेलं, आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःबद्दल काहीतरी बरं वाटलं म्हणून ती त्या वाटण्याला बिलगून बसली.

"नगमाताई," ती म्हणाली, "ती अमरावतीची बाई मीच."

नगमाचा हात थांबला. नळाचं पाणी तसंच वाहत राहिलं.

"मी येणार नाही," ज्योत्स्नाने घाईने सांगितलं. "तुम्ही घ्या ही जागा. मला काय, मी शिकलेली, मला मिळेल कुठेतरी." जे वाक्य ऐकून तिचे कान किटले होते तेच तिच्या तोंडून आलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. "तुम्हाला बारावीवर दुसरं काय मिळणार?"

नगमाने नळ बंद केला. हात ओढणीला पुसले. मघाची हसरी बाई आता सरळ उभी होती.

"बारावी कोणी सांगतलं तुमाले?"

ज्योत्स्नाची नजर सिंकमधल्या नळ्यांकडे गेली.

"मी एम.ए. हाओ, मॅडम. इतिहासात. बी.एड. बी झालं. उर्दू शाळेत जागा निघाच्या होत्या, त्या निघाल्याच नाई. हितं कोणी इचारलं नाई म्हणून मी सांगतलं नाई. तुमी बी नाई इचारलं. हातात नळी पाह्यली अन् बारावी लावून टाकली." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच ज्योत्स्नाला सोसत नव्हतं. "अन् तीन नंबरवरचं पोरगं इंजिनिअर हाये. बार्शीटाकळीचं. रोज फोन करते मले, दीदी, ती आली का, तुमी जाता का, मंग माह्या नंबर लागन का."

"मला तसं म्हणायचं नव्हतं," ज्योत्स्ना पुटपुटली. पण तिला तसंच म्हणायचं होतं, हे दोघींनाही कळलं होतं.

"तुमी मले खैरात देऊन राहिल्या काय?" नगमा म्हणाली. "माह्यावर उपकार करून घरी जासान, लोकायले सांगसान, मी एका गरीब मुसलमान बाईले नोकरी देली. मले नाई पाहिजे ते. नंबर तुमचा हाये. घ्याची तं घ्या. नसन घ्याची, लाज वाटत असन, तं खुशाल सोडा, मी दोन हातानं घेईन, मले काही लाज नाई. पण माह्यासाठी म्हणू नका. तुमाले पाहिजे का नाई, तेवढं बोला."

पंधरवडाभर तिने सगळ्यांना विचारलं होतं, जाऊ का. तुला पाहिजे का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. ज्योत्स्ना त्या लॅबकडे बघत राहिली. उंच खिडक्या, फॉर्मॅलिनचा ओळखीचा वास, कपाटात ओळीने लावलेल्या बरण्या, भिंतीवर पानाच्या छेदाचा फिका पडलेला तक्ता. महिन्याच्या एक तारखेला पगार. जुलैमध्ये कुणासमोर उभं राहून नाव सांगायचं नाही. आजारी पडलं तर रजा. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. आणि कुणीतरी तरुण प्राध्यापक आत येऊन म्हणणार, बाई, जरा स्लाइड्स काढा. त्यानंतर ती स्लाइड कशाची हे तो मुलांना चुकीचं सांगणार, आणि आपण फडकं हातात घेऊन ऐकणार. तेही तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. दुखलं. पण जुलैइतकं दुखलं नाही.

ती थकली होती. सन्मानाची वाट बघून थकली होती, मोठेपणाने थकली होती, पाटीवरच्या दोन अक्षरांना जपून थकली होती. इतकं थकल्यावर माणूस खोटं बोलू शकत नाही.

"पाहिजे," ती म्हणाली.

नगमाने मान हलवली. तिचे डोळे भरून आले, पण ते तिने पुसले नाहीत.

"मलेबी पाहिजे होती," ती म्हणाली.

माफ करा म्हणणं म्हणजे पुन्हा खैरातच झाली असती. ज्योत्स्ना उठली. सोमवारची वाट बघायची म्हणजे मध्ये दोन दिवस, दोन दिवसांत सूर्यभान सरांचा फोन येणार, आत्या येणार, आणि आपण पुन्हा डगमगणार, हे तिला ठाऊक होतं. ती खाली कार्यालयात गेली. बाबूने रुमाल बाजूला केला, आदेश वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा आदेश वाचला.

"मॅडम, इचार केला ना? नाई तं लोक येतात अन् महिन्यानं सोडून जातात. तुमाले काय..."

"केला," ती मध्येच म्हणाली. "सही कुठे करायची?"

सही झाली. बाबूने वर लॅबमध्ये फोन लावला. जागा भरली, त्या जागेवरचं कंत्राट आजपासून संपलं, एवढंच सांगून त्याने फोन ठेवला आणि ज्योत्स्नाला सोमवारी दहाला यायला सांगितलं.

ती फाटकापाशी ऑटोची वाट बघत उभी असताना नगमा डबा आणि पिशवी घेऊन बाहेर आली. नईम मोटरसायकल घेऊन आला होता. मागच्या कॅरिअरला कूलरची मोटर बांधलेली होती. त्याने काहीतरी विचारलं, नगमाने मान हलवून नाही म्हटलं. नईमने एकदा कॉलेजकडे पाहिलं, मग किक मारली. नगमा पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि गाडी नदीकडच्या रस्त्याला लागली. ज्योत्स्नाकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, हे ज्योत्स्नाला ठरवता आलं नाही.

फोन वाजला. बाबा होते.

"काय झालं वं, बाई? पाह्यलं काय कॉलेज?"

"लागली, बाबा. रुजू झाली."

बुधाजींनी फोन कानापासून दूर केला असावा, कारण त्यांचा मोठा आवाज गल्लीत घुमलेला तिला ऐकू आला, "आमची जोत्स्ना लागली हो अकोल्याले! पर्मनंट!" कुणीतरी आनंदाने काहीतरी ओरडलं. काय म्हणून लागली, हे तिकडे कुणीच विचारलं नाही.

फोन ठेवला आणि ज्योत्स्ना उन्हात उभी राहून रडायला लागली. ऑटोवाला थांबला, पाहून पुढे निघून गेला. ती पीएच.डी.साठी रडत नव्हती, ते रडणं केव्हाच आटलं होतं. नऊ वर्षं कुणी ना कुणी तिच्या पुढे जात आलं होतं, आणि त्या प्रत्येकाला तिने मनातल्या मनात निर्लज्ज म्हटलं होतं. आज पहिल्यांदा तीच कुणाच्या तरी पुढे गेली होती.